नाच पाहावा कीं नाचावा?

पाळण्यांतलें मूल अजून बोलूं लागलेलें नसतें. परंतु आईनें टाळी वाजवितांच तें हातपाय हलवूं लागतें. आनंद झाला म्हणजे शरीर स्वस्थ बसत नाहीं, हा निसर्गाचा नियमच आहे. आमच्या पूर्वजांनीं या स्वाभाविक ऊर्मीला ताल दिला, पावलें ठरवून दिलीं आणि ऋतुमानाप्रमाणें तिला दिवसही नेमून दिले. श्रावणांत मंगळागौरीचें जागरण आलें कीं झिम्मा, फुगडी आणि पिंगा. सूर्य हस्त नक्षत्रांत गेला कीं भोंडला. फाल्गुनांत शिमग्याचे खेळ. आणि गांवच्या जत्रेंत हलगीच्या ठेक्यावर लेझीम. कोंकणांत गणपतीच्या दिवसांत जाखडी, तर गोमंतकांत पौषांतल्या रात्रीं मांडावर स्त्रियांचा धालो. प्रांताप्रांताची चाल वेगळी, वाद्यें वेगळीं, पेहराव वेगळा. पण एक गोष्ट या बहुतेकांस समान आहे. त्यांत नाचणारे आणि पाहणारे असे दोन वर्ग कायमचे पाडलेले नसत. जी आतां कडेला उभी आहे ती घटकाभरानें रिंगणांत शिरे, आणि दमलेली कडेला येऊन बसे.

हें सर्व आज नाहींसें झालें आहे, असें मुळींच नाहीं. उलट लोकनृत्याचा आज मोठा बोलबाला आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांत तें असतें, दूरदर्शनच्या पडद्यावरील स्पर्धांत तें असतें, लग्नसमारंभांतही असतें. २०१५ सालीं एका हिंदी चित्रपटानें पिंग्याचें नांव देशभर नेलें. परंतु या बोलबाल्यांत त्याचें रूप पालटत चाललें आहे. जी करण्याची गोष्ट होती ती पाहण्याची होऊन बसली आहे. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हा पालट मुलांच्या हिताचा नाहीं, आणि निदान शाळांनीं तरी तो उलट फिरवावा. हें मी केवळ तत्त्व म्हणून सांगत नाहीं. लहानपणीं मी जे तीन खेळ खेळलें, त्यांची गोडी अद्याप मनांत ताजी आहे. त्यांनीं जें शिकविलें त्याच्याच आधारें मी हें लिहीत आहें.

पहिला खेळ फुगडीचा. फुगडी म्हणजे नुसतें गरगर फिरणें, असें पाहणारास वाटतें. फिरणारीस तसें वाटत नाहीं. दोघींनीं समोरासमोर उभें राहावयाचें, हातांची अढी घालून एकमेकींचे हात घट्ट धरावयाचे, पायांचे चवडे एकमेकींस भिडवावयाचे आणि मग दोघींनींही अंग मागें झोंकून द्यावयाचें. या खेळाचें सारें मर्म त्या मागें झुकण्यांत आहे. झुकल्याखेरीज वेग येत नाहीं; आणि झुकलें म्हणजे आपला तोल आपल्यापाशीं राहत नाहीं. तो समोरच्या मुलीच्या हातांत असतो, आणि तिचा आपल्या हातांत.

सातारा जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं आमच्या आळींत श्रावणभर अशीं जागरणें होत. माझी आजी तेव्हां साठीच्या पुढें गेलेली होती. दिवसा कमरेवर हात ठेवून चालणारी ती आजी रात्रीं पदर खोंचून रिंगणांत उतरली म्हणजे आम्हां मुलींस मोठा अचंबा वाटे. मी आठ वर्षांची असतांना तिनें मला फुगडीस ओढलें. "बाळे, हात घट्ट धर आणि माग झुक. भितेस कशाला? मी धरलंय ना!" असें ती म्हणाली, आणि क्षणार्धांत समया, भिंती, बसलेल्या बायका, सर्व कांहीं माझ्याभोंवतीं फिरूं लागलें. तिच्या हातांचा खरखरीत स्पर्श अजून आठवतो. त्या फुगडींत आजी स्वतः फार झुकली नव्हती. माझ्या वजनास पेलेल इतकेंच तिनें आपलें अंग मागें नेलें होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें. बलवानानें दुर्बलाबरोबर खेळावें कसें, याचा तो धडा होता. परंतु त्या वेळीं तो धडा आहे असें कोणी म्हणालें नाहीं, म्हणूनच तो मनांत राहिला.

दुसरा खेळ लेझिमीचा. लेझीम मुळांत तालमींतली. हा शब्द फारसी असून, दोरीऐवजीं लोखंडी सांखळी लावलेलें जें धनुष्य व्यायामाकरितां ओढीत, त्याचें तें नांव. आजची लेझीम लहान व हलकी असते: हातभर लांबीचा लांकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांस जोडलेली सांखळी, सांखळींत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि मधोमध धरावयास मूठ. आमच्या शाळेंत अशा साठ लेझिमी होत्या आणि आमचा वर्ग होता पंचेचाळीस मुलामुलींचा. त्यामुळें रिकाम्या हातानें कोणीच उभें नसे. आठवड्यांतून दोन दिवस कवाईतीच्या तासाला ड्रिलमास्तर हलगी घेऊन मैदानावर येत. आधीं जाग्यावर चार ठोके, मग एक पाऊल पुढें, मग ओणवें होऊन पायाशीं एक ठोका, पुन्हां सरळ आणि वळण. जूनमध्यें जो गोंगाट असे, त्याचा दसऱ्यापर्यंत नाद झालेला असे.

लेझिमीची एक गंमत खेळल्यावांचून कळत नाहीं. ताल बरोबर असला म्हणजे स्वतःची लेझीम वेगळी ऐकूं येत नाहीं. पंचेचाळीस लेझिमींचा मिळून एकच छणत्कार होतो. जी चुकते तेवढीच एकटी वाजते. त्यामुळें मास्तरांस कोणावर रागवावें लागत नसे. ज्याची चुकली त्याला ती ऐकूं येई, आणि पुढच्या ठोक्याला तो आपण होऊन सर्वांत मिसळे. शिस्त म्हणजे वरून आलेला हुकूम, अशी आमची तोंवर समजूत होती. शिस्त कानानेंही शिकतां येते, हें आम्हांस त्या मैदानावर कळलें.

तिसरा खेळ गोफाचा. आणि तिहींमध्यें तोच मला अधिक प्रिय. पटांगणांतील वडाच्या आडव्या फांदीला बारा पट्ट्या बांधीत. त्या विकत आणलेल्या नसत. घरोघरच्या जुन्या लुगड्यांच्या असत, आणि आपल्या आईच्या लुगड्याची पट्टी आपल्याच हातीं यावी म्हणून आमची धडपड चाले. डाव्या हातांत पट्टी, उजव्या हातांत टिपरी. सहाजणींनीं एका दिशेनें फिरावयाचें, सहाजणींनीं उलट दिशेनें; आणि समोरून येणारीस एकदां आंतून तर पुढचीस बाहेरून ओलांडीत जावयाचें. अशा रीतीनें वर फांदीपाशीं वेणी विणली जाऊं लागे. ती जसजशी वाढे तसतशा हातांतल्या पट्ट्या आंखूड होत, आणि रिंगण आकसत आकसत शेवटीं खांद्यास खांदा लागे. मग मास्तर 'उलट!' म्हणत. आलों त्याच वाटेनें एकेक पाऊल मागें घ्यावयाचें, म्हणजे गोफ उलगडे आणि रिंगण पुन्हां मोठें होई. विणतांना झालेली चूक कदाचित् कोणास दिसणार नाहीं. परंतु उलगडतांना गोफ नेमका तेथेंच अडतो.

आमच्या वर्गांत मुली होत्या बाराच. त्यांतल्या एकीला फिरत असतां आंत कोणतें आणि बाहेर कोणतें हें कांहीं केल्या उमजत नसे. चार दिवस ओळीनें गोफ अडला. तेव्हां कोणीतरी म्हणालें, तिला वगळावें. मास्तर शांतपणें म्हणाले, "पोरींनो, तिला वगळलीत तर उराल अकरा. अकराजणींचा गोफ कसा विणतां, तें मला एकदां दाखवा." आम्ही निरुत्तर झालों. गोफाला जोडीची संख्या लागते; तेव्हां ती मुलगी आम्हांस दयेनें नव्हे, गरजेनें हवी होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मागच्यापुढच्या मुली टिपरीच्या ठोक्याबरोबर 'आंत, बाहेर, आंत, बाहेर' असें हळूच म्हणूं लागल्या. आठवड्याभरांत आम्ही बाराहीजणी तें मोठ्यानें म्हणत होतों, आणि गाणें सुरू होण्यापूर्वीं तोच आमचा ताल बनला. संमेलनाच्या दिवशीं गोफ विणला गेला आणि एकाही ठिकाणीं न अडतां उलगडला. त्या वेळचा आनंद कोणत्याही परीक्षेच्या निकालानें मला दिलेला नाहीं.

हें केवळ आमच्याच गांवचें वैशिष्ट्य होतें, असें नाहीं. पालघर जिल्ह्यांतील जव्हार-डहाणूकडे वारली लोकांचा तारपानाच पाहावा. वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजविणारा मध्यें असतो, आणि स्त्रीपुरुषांची सांखळी एकमेकांस धरून त्याच्याभोंवतीं फिरते. तो वळेल तशी ती वळते. त्यांच्या भिंतीवरील चित्रांतही ही सांखळी शंखाच्या वळणासारखी रंगविलेली असते. जिव्या सोमा मशे यांनीं ही चित्रकला जगापुढें नेली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते निवर्तले. आज तें नाचाचें चित्र शहरांतील भिंतींवर, पिशव्यांवर, वस्त्रांवर सर्वत्र दिसतें. ज्यांच्या अंगावर तें चित्र आहे, त्यांतील किती जणांनीं कधीं कोणाचा हात धरून असें रिंगण केलें असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां आजच्या संमेलनाकडे वळूं. अलीकडेच एका शाळेच्या संमेलनास मी गेलें होतें. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण तें दृश्य पुष्कळ ठिकाणीं दिसतें. साठांच्या वर्गांतून बारा मुलें निवडलेलीं. त्यांना शिकवावयास बाहेरून एक नृत्यशिक्षक आणलेला. कोळ्यांचा पोशाख भाड्यानें आणलेला, गाणें यंत्रावर वाजणारें, आणि साडेचार मिनिटांत सर्व आटोपलेलें. मुलें छान नाचलीं, यांत संशय नाहीं. उरलेलीं अठ्ठेचाळीस मुलें खुर्च्यांवर बसून होतीं, आणि पालक हातांतल्या मोबाइलच्या पडद्यांतून आपलेंच मूल पाहत होते. माझ्या शेजारीं एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा त्या बारांत नव्हता. "त्याला नाचाची आवडच नाहीं," असें त्या म्हणाल्या. पोशाखाचें भाडें किती होतें, तेंही त्यांनीं मागाहून सांगितलें. समारंभ संपल्यावर आम्ही एकाच वाटेनें निघालों. तो मुलगा आमच्या पुढें चालला होता, आणि आपल्याकडे कोणाचें लक्ष नाहीं असें पाहून तींच पावलें रस्त्याच्या कडेनें टाकीत होता.

माझी तक्रार आहे ती या निवडीविषयीं. गणितांत मागें असलेल्या मुलाला गणिताच्या तासाला वर्गाबाहेर बसवावें, असें कोणी म्हणत नाहीं. उलट त्याच्यावर अधिक मेहनत घ्यावी, असेंच आपण म्हणतों. मग ज्याच्या पायांत ताल नाहीं, त्यालाच तालाच्या तासाला प्रेक्षक कां करावें? चांगलें नाचणारीं मुलें कोठेंही नाचतील. शाळेंतल्या रिंगणाची खरी गरज आहे ती बुजऱ्या, जड पायांच्या आणि भाडें न परवडणाऱ्या मुलांना.

याजवर कोणी म्हणतील कीं, रंगमंच मिळाला म्हणूनच हे खेळ आज जिवंत आहेत. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें नाकारण्याची माझी इच्छा नाहीं. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हां उद्घाटनाच्या सोहळ्यांत सांगलीकडील लेझीम-पथक खेळलें आणि गांवच्या जत्रेंतला हा खेळ साऱ्या देशानें पाहिला. त्याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु त्याच सांगलींत २६ जानेवारी २०१४ रोजीं सात हजारांहून अधिक जण एकाच वेळीं लेझीम खेळले आणि तो जागतिक विक्रम ठरला. माझ्या मतें ही दुसरी गोष्ट पहिलीहून कमी मोलाची नाहीं. कारण सात हजारांत सर्वच पटाईत असणें शक्य नाहीं. गुजरातेंतील गरब्याचें उदाहरणही असेंच बोलकें आहे. २०२३ सालीं युनेस्कोनें त्यास मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. गरब्याच्या फेऱ्यांत आजीही असते आणि नातही असते. गुजराती माणसें जगांत जेथें जेथें गेलीं तेथें तेथें तो गेला, कारण प्रत्येकाच्या पायांत तो होता. प्रेक्षक कितीही रसिक असला तरी तो नाच पुढच्या पिढीस देऊं शकत नाहीं. तो देतो नाचणाराच.

दुसरा आक्षेप असा निघेल कीं, हे खेळ सणवारांशीं व पूजेशीं जोडलेले. आपल्या शाळेंत तर सर्व धर्मांचीं मुलें आहेत. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे. पूजा घरीं असावी, आणि ज्याच्या घरीं जी असेल तिचा मान राखला जावा. कोणत्याही मुलावर सक्ती असूं नये. परंतु हातांत हात घालून फिरण्याला धर्म आडवा येत नाहीं. गोमंतकांतील घुमट हें मातीचें वाद्य घ्या. तें गणपतीच्या आरतीलाही वाजतें आणि ख्रिस्ती कुटुंबांतील मांडोलाही साथ करितें. २०१९ सालीं गोवा सरकारनें त्यास वारसावाद्याचा मान दिला, तो दोघांचाही मान झाला. आमच्या गोफाच्या बारा पट्ट्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती अशा तिन्ही घरचें कापड होतें. वेणी विणली गेल्यावर कोणती पट्टी कोणाची, हें आम्हांसही ओळखतां येत नसे.

तिसरा आक्षेप वेळेचा व खर्चाचा. आमच्या मास्तरांनीं कवाईतीचाच तास वापरला. अभ्यासाचा एकही तास घेतला नाहीं. खर्चाचें म्हणाल तर लेझीम एकदां घेतली कीं वर्षानुवर्षें चालते, टिपऱ्या सुतार करून देतो, आणि गोफाच्या पट्ट्या प्रत्येक घरीं जुन्या कपड्यांच्या गांठोड्यांत आहेतच. एका संमेलनाच्या भाड्याच्या पोशाखांत जो पैसा जातो, त्यांत शाळेला पुरतील इतक्या टिपऱ्या सहज होतील.

तेव्हां माझ्या सूचना साध्या आहेत. जूनपासून आठवड्यांतला एक कवाईतीचा तास या खेळांस द्यावा. साठांच्या वर्गाचीं बाराबारांचीं पांच रिंगणें होतात; एकही मूल बाहेर राहत नाहीं. शिकवावयास दूरचा शिक्षक आणण्यापूर्वीं मुलांच्या घरच्या आज्यांस व मावश्यांस बोलवावें. ज्या बाईला शाळेच्या कचेरींत पाऊल टाकण्याचा संकोच वाटतो, तीच पटांगणांत आली म्हणजे गुरु होईल, आणि तिच्या नातवंडांची मान ताठ होईल. शेवटीं, संमेलनांत रंगमंचावरचे कार्यक्रम खुशाल असावेत. परंतु अखेरचा कार्यक्रम मैदानावरचा असावा. त्याला पोशाख नको, निवड नको आणि बक्षीसही नको. त्यांत साऱ्या शाळेनें उतरावें, आणि पालकांसही हात धरून ओढावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणी मनाशीं म्हणत असेल कीं, मला नाचतां येत नाहीं. तसें असेल तर रिंगणांत पहिली जागा तुमचीच आहे असें समजा. चार दिवस पाय चुकतील, पांचव्या दिवशीं शेजाऱ्याच्या पायांवरून तुमचे पाय शिकतील. आजी घरीं असेल तर आजच संध्याकाळीं तिला विचारा कीं, तूं लहानपणीं काय खेळत होतीस; आणि ती बोलूं लागली म्हणजे नुसतें ऐकत बसूं नका, तिचे हात धरून उभे राहा. पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. पुढल्या संमेलनांत मुलांनीं मैदानावर रिंगण धरलें, तर हातांतला मोबाइल खिशांत ठेवा, जोडे कडेला काढून ठेवा, आणि दोन मुलांच्या मध्यें जेथें जागा दिसेल तेथें जाऊन उभे राहा.

— एक माजी विद्यार्थिनी